मलेरिया: स्मिअरमध्ये (काचपट्टीवरच्या रक्तात) परोपजीवी कमी, तरी पेशंट बेशुद्ध कसा? (ऐरोली, कळवा, वाशी इथल्या तिघांची चर्चा)

ऐरोली: फाल्सिपेरम मलेरिया आहे, पण स्मिअरवर मोजक्याच रिंग, म्हणजे कोवळे परोपजीवी, दिसतात. मग मेंदूवर एवढा परिणाम का?

कळवा: कारण पिकलेले परोपजीवी बोटातल्या रक्तात येतच नाहीत. परोपजीवीचं लाल पेशीतलं चक्र ४८ तासांचं. त्याच्या उत्तरार्धात लाल पेशीवर गाठी उठतात, त्यांवर परोपजीवीचं पीएफईएमपी-१ प्रथिन. ते केशवाहिनीच्या अस्तरातल्या ईपीसीआर, आयकॅम-१ या प्रथिनांना चिकटतं. पेशी तिथेच अडकतात, प्लीहेची चाळणी चुकवतात. प्रवाह तुंबतो, लॅक्टेट चढतं, अस्तर झिरपू लागतं.

वाशी: म्हणून स्मिअरवरच्या आकड्यावर विसंबू नका! आर्टेसुनेट हे मलेरियाचं औषध शिरेतून, किलोमागे २.४ मिग्रॅ: सुरुवातीला, मग १२ आणि २४ तासांनी. २० किलोखालच्या मुलांना ३ मिग्रॅ. रक्तातली साखरही वारंवार बघा, ती उतरली तर बेशुद्धी त्यामुळेही येते.

कळवा: नंतरचे चार आठवडे हिमोग्लोबिन तपासा; आर्टेसुनेटनंतर लाल पेशी उशिरा फुटू शकतात.