सल्ला हवा: पश्चिमेच्या खोलीतील मिश्रमाध्यमातील चित्रे पावसाळ्यात कशी जपावीत? (वेंगुर्ले, खर्च सहा हजारांपर्यंत)

पडवी_वेंगुर्ले:
नमस्कार. आमच्या जुन्या कौलारू घरातील पश्चिमेकडची खोली ही माझी चित्रशाळा आहे. हातकागदावर जुन्या दस्तांचे तुकडे, रापणीच्या जाळ्याचा कापून टाकलेला भाग, सुपारीची पोय, शिंपले आणि जांभ्याची वस्त्रगाळ माती लावून मी चित्रे करते. सकाळी रापण ओढली जाते तेव्हा किनाऱ्यावर जाऊन जे सापडेल ते आणायचे, दुपारपर्यंत ते निवडून कागदावर मांडून पाहायचे आणि ऊन कलले की खिडकीच्या उजेडात चिकटवायला बसायचे, असा माझा दिवस असतो. त्या उजेडावरच माझे काम उभे असल्यामुळे खोली बदलणे मला नको आहे.

गेल्या वर्षी गणपतीच्या आधी चित्रांची चळत उघडली, तेव्हा काहींवर करडी बुरशी होती, खळीने चिकटवलेल्या कडा कसरीने कुरतडल्या होत्या आणि एका चित्रात प्रत्येक शिंपल्याभोवती कागद ओलावून तपकिरी कडे उमटले होते. यंदा दिवाळीनंतर प्रदर्शन आहे. पाऊस लागण्याआधी, सहा हजार रुपयांत काय घ्यावे: हवा कोरडी करणारे यंत्र, पत्र्याची पेटी की आणखी काही?

निवती_दीपगृह:
कॉम्प्रेसर असलेला डीह्युमिडिफायर घ्या, दुसरा विचार करू नका. मी माझ्या छायाचित्रांच्या खोलीसाठी बावीस हजारांना घेतला आणि आषाढात त्याची टाकी रोज रिकामी करावी लागते; ते सगळे पाणी एरवी छायाचित्रांत मुरले असते. सहा हजारांच्या आतील छोटी, कॉम्प्रेसर नसलेली पेल्टियर यंत्रे दिवसाला जेमतेम पेलाभर पाणी ओढतात, त्यांनी खोली कोरडी होत नाही. खर्चाची मर्यादा वाढवा, काम मोलाचे आहे.

हापूस_देवगड:
कौलारू घरात हे यंत्र कसे चालणार? कौलांच्या फटींतून दमट हवा सतत आत येते आणि यंत्र तीच सुकवत राहते. शिवाय पावसात वीज गेली की ती कधी येईल याचा भरवसा नसतो. आमच्या आजोबांनी जमिनीचे दस्त पत्र्याच्या पेटीत डांबरगोळ्या घालून ठेवले होते, ते आजही कोरे करकरीत आहेत. पेटी घ्या.

निवती_दीपगृह:
आढ्याखाली प्लायवूडचे छत करून घेतले की कौलांचा प्रश्न मिटतो. मी ते केले आहे, आणि विजेसाठी इन्व्हर्टरही बसवला आहे.

कागदकाम_रत्नागिरी:
डांबरगोळ्या कसरीला दूर ठेवतात, ओलाव्याचे त्या काहीच करत नाहीत. आणि चित्रात थर्मोकोल असेल तर त्यांच्या वाफेने तो मऊ पडतो. पेटी घेणार असाल तर एवढे लक्षात ठेवा की कागद स्वतःच पाणी धरून असतो. दमट कागद पेटीत बंद केला की ओलावा आतच कोंडतो आणि बुरशीचे फावते. म्हणून मृगाआधी, कडक उन्हाच्या दुपारी, चित्रे सावलीत पसरून कोरडी करावीत, मगच बंद करावीत आणि आत सिलिका जेल ठेवावे. ते आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढे पाणी धरते आणि ११० ते १२० अंश सेल्सिअसला तापवले की पुन्हा वापरता येते. निळे घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असते.

खळ मात्र सोडा, पीठ हे कसरीचे खाद्यच आहे. फेव्हिकॉल वापरा, नाहीतर खळीत मोरचूद घाला. आम्ही पुस्तकबांधणीत वडिलांच्या काळापासून तेच करत आलो आहोत.

कुडाळ_चित्रशाळा:
मोरचुदाला माझा ठाम विरोध आहे. त्यातील तांब्यामुळे कागद काही वर्षांनी तपकिरी आणि ठिसूळ होतो. फेव्हिकॉलने लावलेला तुकडा पुढे सोडवायचा झाला तर कागद फाटतो. खळ पाण्याने सुटते. पिंगुळीच्या चित्रकथीच्या (चित्रे दाखवून कथा सांगण्याच्या लोककलेच्या) जुन्या पोथ्यांत दोन चित्रे पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात. ती कधी वेगळी करायची वेळ आली, तर असा विरघळणारा चिकटा किती मोलाचा ठरेल याचा विचार करा. खळ पातळ लावा, पूर्ण वाळू द्या, पण सोडू नका.

कागदकाम_रत्नागिरी:
मोरचूद घालून बांधलेली पुस्तके आमच्या दुकानात धडधाकट उभी आहेत, येऊन पाहावीत.

रातांबा:
चित्रावर जाड लेपच चढवा. मूळचे नागावचे चित्रकार प्रभाकर बरवे कॅनव्हासवर एनॅमल रंग वापरत. तसा कडक थर असला की हवा आत शिरत नाही. काजूबीच्या टरफलाचे तेलही चालेल, आमच्याकडे लाकडाला तेच लावतात आणि लाकूड टिकते.

कुडाळ_चित्रशाळा:
ते तेल हाताला लागले तर कातडी भाजते, आणि कागद त्याने काळा पडेल. एका बाजूने लेप दिलेला कागद दुसऱ्या बाजूने पाणी ओढतो आणि वाकतो. कॅनव्हासचे गणित हातकागदाला लावू नका.

सागरगोटा_मालवण:
ताई, शिंपल्याभोवतीच्या कड्यांबद्दल कोणीच काही बोलले नाही, म्हणून लिहितो. ते मिठाचे काम आहे. हवेतील आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की साधे मीठ हवेतून पाणी ओढून पाझरू लागते. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असते, ते त्याच्याही कितीतरी आधी पाझरते. किनाऱ्यावरून आणलेला शिंपला, लाकूड, जाळे, सगळे गोड्या पाण्यात भिजत घालावे आणि पाण्याची खारट चव जाईपर्यंत पाणी बदलत राहावे. हे केले नाही तर कितीही महागाच्या कपाटात ठेवले तरी शिंपल्याखालचा कागद भिजणार, आणि मीठ पुन्हा सुकून त्याचे खडे झाले की वरचा रंग उचलला जाणार. जाळ्यात लोखंडी तार असेल तर ती काढून टाका, गंजाचा डाग कागदातून जात नाही.

काही विकत घेण्याआधी पाचशे रुपयांच्या आत मिळणारे आर्द्रतामापक आणा आणि घरातील प्रत्येक खोलीत ठेवून पाहा. आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर सलग राहिली की बुरशी धरते.

चिपळूण_काठ:
वरचे सगळे वाचले नाही, पण डीह्युमिडिफायर घ्या, नाहीतर कपाटात साठ वॅटचा बल्ब लावून ठेवा. पाणी शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मला एका दुकानदाराने आग्रहाने विकले होते. त्यातला एक भरून कलंडला आणि खालची रेखाटने वाया गेली. आणि पश्चिमेची खोली सोडाच, तिथे झड थेट येते.

हापूस_देवगड:
खोली सोडा, हे मीही सांगणारच होतो. बल्ब मात्र कागदाजवळ नको, आगीची भीती असते.

पडवी_वेंगुर्ले:
सर्वांचे मनापासून आभार. चित्रे मेमध्येच कोरडी करून ठेवली आणि पाऊस लागल्यावर मापक घरभर फिरवले. पश्चिमेच्या खोलीत ९१, ओटीवर ८८, आणि चुलीच्या भिंतीला लागून असलेल्या माजघरात ७१. चूल पेटलेली असते तेव्हा तिथे ६६ पर्यंत उतरते. त्यामुळे मी यंत्र घेत नाही, पेटीही घेत नाही. पूर्ण झालेली चित्रे मांजरपाटात गुंडाळून माजघरात, भिंतीपासून वीतभर पुढे असलेल्या फळ्यांवर राहतील.

खोली मी सोडत नाही आणि खळही सोडत नाही. पावसाळ्यात तिथे लाकूड, पोय आणि चुना यांचेच काम करीन. प्रदर्शनासाठीचे शिंपले पाण्यात घातले आहेत. मात्र एका मोठ्या हातकागदावर न धुतलेले शिंपले मुद्दाम मांडून तो त्याच खिडकीशी ठेवला आहे, कारण मिठाने उमटलेली ती तपकिरी कडी मला चित्रात हवी आहेत आणि ती ब्रशने तशी येत नाहीत.

कागदकाम_रत्नागिरी:
निर्णय मला पटलेला नाही, चुलीच्या धुराने कागद पिवळा पडतो. तरी माजघरातच ठेवणार असाल तर कोऱ्या मांजरपाटाला खळ असते, ती गरम पाण्यात धुऊन पूर्ण काढल्याशिवाय त्यात चित्रे गुंडाळू नका, नाहीतर कसर आधी कापडाला लागेल आणि मग चित्रांना.