'भरलेला' की जाड? घरोघरचे अनुभव लिहा

मुलगा ९ वर्षांचा. शाळेतल्या आरोग्य तपासणीत 'वजन जास्त' असा शेरा आला आणि मी वैतागलेच. आमच्याकडे याला अंगानं भरलेला म्हणतात! डॉक्टरांनी भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचा २०१५ चा तक्ता दाखवला. बीएमआयच्या (उंचीच्या मानानं वजनाच्या) दोन रेषा, एक मोठेपणीच्या २३ शी जुळणारी, म्हणजे जास्त वजनाची, दुसरी २७ शी, म्हणजे लठ्ठपणाची. हा दुसरीच्याही वर. घरी येऊन त्याच्याशी कसं बोलावं या विचारात होते, तर तोच म्हणाला, "मला माहितीये. रस्सीखेचीत मला पहिला घेतात आणि खो-खोत शेवटी."
तुमच्याकडे काय झालं?

*कैरीपन्हं:* लेकीची मान काळवंडली होती. आजी डाळीचं पीठ, लिंबू, सगळं लावून घासायची. मीही घासली, लाल होईपर्यंत. तो मळ नव्हताच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की वजनदार मुलांची मान, काखा अशा काळ्या, जाडसर होतात. लेकीला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, "आजीला पण सांग."

*उंबरठा:* मीच ती जाड मुलगी. जन्मले तेव्हा १.९ किलोची, आईच्या डोळ्यांपुढून ते काड्यांसारखे हातपाय कधी गेलेच नाहीत. सातवीत गणवेशाच्या दुकानदारानं मापं घेऊन "बायकांच्या साइजमध्ये बघा" म्हटलं. आई त्याच्याशी भांडली, आणि घरी आल्यावर मला साजूक तुपातला शिरा केला, पोरीचं तोंड उतरलंय म्हणून. मी रडत रडत खाल्ला. चांगला झाला होता, हेही सांगते. पुढे वाचलं की पुण्यात मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दाखवलंय, आपली कमी वजनाची बाळंसुद्धा हाडकुळी दिसली तरी त्यांच्यात चरबी तुलनेनं जास्त असते. आईला वाचून दाखवलं. "तू अशक्तच होतीस," एवढंच बोलली.

*दोनचाकी:* आमच्या जुळ्यांचं वजन जवळपास सारखं. मुलगा 'पैलवान', मुलीला 'आता आवर गं'. दोघं ११ वर्षांची.

*शेवगा:* आमचं उलटं. मुलगी तक्त्यात अगदी मधोमध, पण अर्धीच पोळी खाते, मांड्या जाड दिसतात म्हणून. हे कुठून शिकली? आरशासमोर पोट आत ओढत मीच उभी असते रोज.

*धागाकर्ती:* कैरीपन्हं, आत्ताच झोपलेल्याची मान बघून आले. स्वच्छ आहे. संध्याकाळी मैदानावर जातो, घरातला वजनकाटा माळ्यावर टाकलाय. पण आजोबांच्या खिशातल्या चिक्कीचं काय करायचं?