रेसचे निकाल एक्सेलमध्ये ठेवायचेत: कॉलम कसे पाडावेत?

कोरीपाटी:
घोड्यांच्या रेसचा पुण्याचा पावसाळी सीझन आणि नंतरचा मुंबईतल्या महालक्ष्मीचा, दोन्हींचे निकाल एक्सेलमध्ये भरायला घेतलेत. सध्या एका रेसला एक ओळ आहे आणि पुढे पहिला, दुसरा, तिसरा, चौथा घोडा असे कॉलम. एका घोड्याच्या सगळ्या धावा काढायच्या म्हटलं की चारही कॉलम चाळावे लागतात, पाचव्यापासूनचे घोडे तर कुठेच नाहीत. त्यात पैजेचा भाव ५/२ (दोन लावले तर पाच नफा) लिहिला की त्याची तारीख होते. मांडणी मुळातून बदलू का? मला बेरीज-सरासरीपलीकडचे फॉर्म्युले येत नाहीत.

पॅडॉक:
बदला, आणि ओळी वाढायच्या आत बदला. एक ओळ म्हणजे एका रेसमधला एक घोडा. दहा घोडे पळाले तर दहा ओळी. शेवटचा आलेला घोडाही हवाच. नुसते पहिले चार ठेवले तर कोणता ड्रॉ (सुरुवातीच्या गेटचा क्रमांक) वाईट, कोणत्या अंतरावर घोडा मागे पडतो, हे कधीच कळणार नाही.

शीट तीन करा. 'रेस'मध्ये कोड, तारीख, रेसकोर्स, अंतर मीटरमध्ये, क्लास (दर्जानुसार घोड्यांचा गट), पेनेट्रोमीटरचं (ट्रॅक किती मऊ-कडक ते मोजणाऱ्या साधनाचं) रीडिंग, पळालेले घोडे, विजेत्याची वेळ. 'घोडे'मध्ये कोड, नाव, जन्मवर्ष, बाप, आई. 'धावा'मध्ये रेसचा कोड, घोड्याचा कोड, ड्रॉ, वजन, जॉकी, ट्रेनर, त्या दिवशीचं रेटिंग (घोड्याच्या कुवतीचा अधिकृत आकडा), क्रमांक, पुढच्या घोड्यापासूनचं अंतर, भाव. खरं काम 'धावा'तच होतं, बाकीच्या दोन शीटमधून एक्सलुकअपने (कोडवरून माहिती शोधून देणारा फॉर्म्युला) हवं ते ओढून आणायचं.

रेसच्या कोडसाठी नुसता रेस नंबर घेऊ नका, नव्या सीझनला तो पुन्हा १ पासून सुरू होतो. पुण्याला 'पी', मुंबईला 'एम', मग वर्ष-महिना-दिवस असे आठ आकडे, शेवटी त्या दिवसातल्या रेसचा क्रम.

सेल मर्ज करू नका, मधे रिकामी ओळ सोडू नका. दिसायला छान दिसतं, पण सॉर्ट आणि पिव्हट (गटवार सारांशाचा तक्ता) दोन्ही बिघडतात. 'धावा' निवडून कंट्रोल-टी दाबा. टेबल केलं की एकच कॉलम सॉर्ट होऊन घोडे एकीकडे, क्रमांक दुसरीकडे असा घोळ होत नाही.

दशांश:
भावाबद्दल. कॉलमचं फॉरमॅट आधी टेक्स्ट करा, मगच भरा. तारीख झाल्यावर फॉरमॅट बदललंत तर ५/२ ऐवजी पाच आकडी संख्या मिळेल. त्याहून सोपं म्हणजे दशांशातच लिहा: ५/२ म्हणजे २.५. शेजारच्या कॉलममध्ये १ भागिले (भाव + १) काढा, इथे २८.६ टक्के येतात. एका रेसमधल्या सगळ्या घोड्यांचे हे टक्के मिळवले की बेरीज १०० च्या वर जायला हवी, कारण बुकीचा नफा त्यात असतो. शंभरच्या खाली आली तर बहुतेक टायपिंग चुकलंय किंवा एखादा घोडा राहिलाय.

वेळेचंही तेच. एक्सेल १:२४ ला एक तास चोवीस मिनिटं समजतं, १:२४.३५ ला मात्र एक मिनिट २४.३५ सेकंद. दोन्ही एकाच कॉलममध्ये आले की सरासरीचं हसं होतं. सरळ सेकंद लिहा: ८४.३५.

कोरीपाटी:
घोड्याचं वय 'घोडे' शीटमध्ये लिहिलं तर चालेल ना? आणि जो पळालाच नाही त्याला क्रमांक ० देतोय.

पॅडॉक:
दोन्ही नको. आपल्याकडे सगळ्या घोड्यांचं वय १ जानेवारीला एकदम वाढतं. डिसेंबरात इंडियन २००० गिनीज ही रेस पळणारा तीन वर्षांचा घोडा फेब्रुवारीच्या इंडियन डर्बीला चार वर्षांचा असतो. वय लिहून ठेवलंत तर जुन्या ओळींतही तो चारचाच दिसेल. जन्मवर्ष लिहा आणि रेसच्या वर्षातून वजा करा. रेटिंग 'घोडे'त न ठेवता 'धावा'त ठेवायचं कारणही हेच. ते बदलत राहतं, आणि आजचं रेटिंग लुकअपने जुन्या रेसला चिकटलं तर सगळा अभ्यास वाया.

शून्य सरासरीत धरलं जातं, म्हणजे न पळालेला घोडा विजेत्यापेक्षाही सरस ठरेल! क्रमांक रिकामा ठेवा आणि 'स्थिती' नावाच्या वेगळ्या कॉलममध्ये 'पळाला', 'माघार', 'अपूर्ण' लिहा. दुसऱ्या जागेसाठी डेड हीट (दोन घोडे अगदी बरोबर) झाली तर दोघांना २ आणि पुढच्याला ४.

नालबंद:
वजनाचे दोन कॉलम करा, कार्डावरचं आणि प्रत्यक्ष वाहिलेलं. ॲप्रेंटिस (शिकाऊ) जॉकीची वजनातली सवलत वजा झाली की दोन्हींत फरक पडतो.

अंतरासाठीचे नोज (नाकभर), नेक (मानेइतकं), हेड (डोकंभर) हे शब्द तसेच ठेवून चौथ्या छोट्या शीटवर त्यांचे घोड्याच्या लांबीतले आकडे द्या. नेकला ०.२५ घ्या की ०.३, पण एकदा ठरवलं की तेच. निकालातलं अंतर लगतच्या पुढच्या घोड्यापासूनचं असतं, विजेत्यापासूनचं काढायला वरून खाली बेरीज करत जावी लागते.

पीडीएफमधून नावं चिकटवलीत तर मागे न दिसणारी स्पेस येते आणि लुकअप 'सापडलं नाही' म्हणतं. ट्रिमनेही (जास्तीच्या स्पेस काढणारा फॉर्म्युला) जात नसेल तर ती १६० क्रमांकाची स्पेस असते. सबस्टिट्यूटने (एका अक्षराऐवजी दुसरं घालणारा फॉर्म्युला) ती साध्या स्पेसमध्ये बदला, मग ट्रिम करा. जॉकी-ट्रेनरची नावं टाइपच करू नका, डेटा व्हॅलिडेशनची यादी (सेलमध्येच निवडायची यादी) लावा.