घरकुलं एका ओळीत बांधायची की ज्याच्या त्याच्या जागेत?

ओळंबा: प्रधानमंत्री आवास योजनेतून (ग्रामीण) घरकुल मंजूर होतं आणि काम वर्षभर जोत्यावर अडकतं. 1 लाख 20 हजार मूळ अनुदानात 269 चौरस फूट एकट्याने उभं करणं अवघडच. वीस लाभार्थ्यांनी समिती करून एकाच जागी, एकाच मिस्त्रीकडून बांधून घ्यावं. स्लॅबचंच बघा. भिंती धरून 320 चौरस फूट, 4 इंच जाडी, म्हणजे साधारण एक ब्रास (100 घनफूट) काँक्रीट, 24 पोती सिमेंट. एवढ्यासाठी प्रत्येकाने वेगळा मिक्सर आणि वेगळी टोळी? एका दिवसात दोन स्लॅब टाकता येतात. टेकू 14 दिवस ठेवले तरी सेंट्रिंगचे तीन-चार संच वीस घरांत फिरवता येतात.

सातबारा: हिशेब बरोबर, पण पैसा कसा फिरवणार? हप्ता ज्याच्या त्याच्या खात्यात येतो, तोही कामाचा फोटो जिओटॅग (जागेच्या नोंदीसह अपलोड) झाल्यावर. एकाचं आधार खात्याला जोडलेलं नसलं की त्याचा हप्ता अडकला, आणि वीटभट्टीवाला उधारी मागणार समितीकडे. शिवाय जागा? गायरानाचं नाव काढू नका, गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं हटवायला सांगणाऱ्या सुप्रीम कोर्टाच्या 2011 च्या जगपाल सिंह निकालानंतर हा विषय नाजूक आहे. गावठाणाची हद्द वाढवायची तर महसूल संहितेच्या कलम 122 खाली जिल्हाधिकाऱ्यांकडे जा.

ओळंबा: जागेसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून 1 लाखापर्यंत मिळतात. गावालगतचा तुकडा मिळून घ्यायचा. आणि उधारी करायचीच नाही. पाच-पाच घरांचे गट, पाचही खाती तपासल्याशिवाय पायाचा चर मारायचा नाही.

काळी_माती: तुकडा स्वस्त का मिळतोय तेही बघा. बहुतेकदा खाली काळी माती असते. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. दोन फुटांचा चर मारून दगड भरला की काही उन्हाळ्यांत खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग ठरलेली. मुरूम लागेपर्यंत खणा. पाच-सहा फुटांवरही लागला नाही तर अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर बुंध्याचे, जमिनीत खोल ओतलेले काँक्रीटचे खांब) आणि वर जोत्याचा बीम. जोत्यात भर मुरमाचीच, सहा-सहा इंचाचा थर, पाणी मारून धुम्मस. उकरलेली काळीच परत आत ढकलतात (वाहतूक वाचते ना!) आणि मग फरशी उचलते. वीस घरं एकत्र असतील तर सौद्याआधी पाच-सहा चाचणी खड्डे घेणं परवडतं. एकत्र बांधण्याचा मला पटलेला फायदा एवढाच.

दावण: 1993 च्या भूकंपानंतर लातूर-धाराशिवात 52 गावं नव्या जागी वसवली. रुंद रस्ते, सरळ ओळी, कुटुंबाच्या जमिनीप्रमाणे 250, 450 किंवा 750 चौरस फुटांची घरं. अनेकांना शेत लांब पडलं, गुरांची सोय राहिली नाही. ओळीतली घरं नकाशावरच छान दिसतात.

ओळंबा: ताई, नवी गावं मुख्यतः ठेकेदारांनी बांधली. त्याच भूकंपानंतर जी घरं जागच्या जागी दुरुस्त झाली, तिथे पैसा आणि सामानाची निवड मालकाकडे होती. मी तेच म्हणतोय. शेळ्यांसाठी मागे दहा फूट सोडू.

सातबारा: कुठून सोडणार? दीनदयाळ योजनेतली जागा 500 चौरस फुटांपर्यंत. घराने 320 खाल्ले, उरले 180. त्यात संडासाचे दोन शोषखड्डे, मध्ये किमान एक मीटर. शेळी छपरावर बांधता का?

ओळंबा: मग ओळीच्या टोकाला सामायिक गोठा.

दावण: आणि शेणखत कुणाचं?