विडाल चाचणी (सीरममधली विषमज्वराची प्रतिपिंडं मोजणारी): पहिल्या नळीत गुठळ्या नाहीत, पुढच्या नळ्यांत आहेत. असं का?

धरमपेठ_लॅब: पहिल्या नळीत १.९ मिली सलाईन, ०.१ मिली सीरम (१:२०). पुढे दुपटीने १:६४० पर्यंत. ३७ अंशांवर रात्रभर ठेवलं. 'ओ' अँटीजेन (विषमज्वराचे मारलेले जिवाणू) घातलेल्या १:२० मध्ये काहीच नाही, १:८० मध्ये स्पष्ट. चुकतंय कुठे?

सीरमवाला: बहुतेक प्रोझोन. प्रतिपिंडं फार झाली की प्रत्येक जिवाणू एकटाच त्यांनी झाकला जातो, दोन जिवाणू एकमेकांना जोडलेच जात नाहीत. म्हणून एकाच नळीवर निगेटिव्ह लिहू नये. गुठळी दिसणारी शेवटची नळी, तिचं प्रमाण म्हणजेच टायटर.

इतवारी_७: नागपूरचा मे आहे, खोली ४२ वर गेली की साधा इन्क्युबेटर ३७ वर येणारच कसा? त्यात नुसता हीटर! आत थर्मामीटर ठेवून बघा. वाचताना नळी जोरात हलवू नका; 'ओ'चे दाणे बारीक, पण 'एच' (जिवाणूच्या शेपटीचं अँटीजेन)चे कापसासारखे सैल पुंजके लगेच मोडतात.

सीरमवाला: हो, आणि सलाईन-कंट्रोल (सीरम न घातलेली नळी) लावलाय ना? नुसत्या अँटीजेनमध्येच गुठळ्या आल्या तर अख्खा रॅक बाद. ग्रुबर-डरहॅम या संशोधकांची गुठळ्यांची निरीक्षणं १८९६ ची, विडाल या डॉक्टरने त्याच वर्षी ती विषमज्वराच्या निदानाला वापरली. पण आज एकट्या टायटरवर विषमज्वर ठरवू नका, रक्ताचं कल्चर (जिवाणू वाढवून बघणं) लावा, तेही अँटिबायोटिकच्या आधी.