उबुंटू आणि मॅकवर एकच झेडशेल–टीमक्स–निओव्हिम मांडणी: सल्ला हवा

कळफलक:
घरी उबुंटू २४.०४, ऑफिसात मॅक. काम पायथॉनमध्ये, थोडं गो. दोन्हीकडे झेडशेल (कमांड चालवणारा शेल), टीमक्स (एका टर्मिनलात अनेक खिडक्या चालवणारा) आणि निओव्हिम (एडिटर) सारखंच वागायला हवं आहे. सध्याच्या अडचणी: नवी टर्मिनल खिडकी उघडायला दीड सेकंद लागतो, उबुंटूवर टीमक्समध्ये एस्केप दाबल्यावर कर्सर अडखळतो, मॅकवर नाही, मॅकवर स्वतः बसवलेला पायथॉन सोडून सिस्टिमचाच चालू होतो. शिवाय प्रकल्पात मराठी नावाच्या फाइली आहेत आणि गिट (फाइलींतल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) त्यांच्या जागी नुसते आकडे दाखवतं. मांडणीचा तयार संच घ्यावा की ती स्वतः लिहावी?

ओळखरेघ:
स्वतःच लिहा. शंभर ओळी पुरतात, आणि बिघडलं तर कुठे बघायचं ते माहीत असतं.

आधी वेग मोजा. 'टाइम झेडएसएच -आय -सी एक्झिट' तीन-चारदा चालवा. मग डॉट-झेडएसएचआरसी या झेडशेलच्या मांडणी-फाइलीच्या पहिल्या ओळीत वेळ मोजणारं झेडप्रॉफ मॉड्यूल लोड करा, शेवटच्या ओळीत 'झेडप्रॉफ' लिहा आणि नवी खिडकी उघडा. कोणत्या फंक्शनने किती मिलिसेकंद खाल्ले त्याचा तक्ता येतो. बहुतेक वेळा गुन्हेगार दोनच असतात. एक, कॉम्पइनिट (टॅबनं कमांड पूर्ण करण्याची तयारी) दोनदा चालणं: एकदा तयार संचातून, एकदा तुमच्या ओळीतून. दुसरा एनव्हीएम, म्हणजे नोडच्या (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) आवृत्त्या सांभाळणारा. तो लोड होतानाच नोडची आवृत्ती निवडत बसतो. लोड करण्याच्या ओळीत 'नो-यूज' पर्याय दिला की ते काम टळतं, मात्र नोड लागेल तेव्हा 'एनव्हीएम यूज' हातानं द्यावं लागतं.

मॅकवरच्या पायथॉनचं कारण वेगळं आहे. पाथ (कमांड कुठे शोधायची त्या डिरेक्टऱ्यांची यादी) तुम्ही डॉट-झेडएसएचएन्व्हमध्ये लिहिला असणार. ती फाइल सगळ्यात आधी वाचली जाते. त्यानंतर मॅकची ईटीसीमधली झेडप्रोफाइल पाथ-हेल्पर चालवते, आणि तो सिस्टिमच्या डिरेक्टऱ्या पुन्हा पुढे आणतो. पाथच्या ओळी होम डिरेक्टरीतल्या डॉट-झेडप्रोफाइलमध्ये हलवा, काम झालं. उबुंटूवर मात्र टर्मिनल सहसा लॉगिन शेल उघडत नाही, त्यामुळे तिथे झेडप्रोफाइल वाचलीच जात नाही. म्हणून पाथ एका वेगळ्या छोट्या फाइलीत ठेवून ती झेडप्रोफाइल आणि झेडएसएचआरसी दोन्हींतून सोर्स करा (वाचून घ्या). सोबत 'टाइपसेट -यू पाथ' लिहा (यू कॅपिटल), म्हणजे तीच डिरेक्टरी दोनदा चढत नाही.

हिस्टरीकडेही बघा. झेडशेलमध्ये मूळ हिस्टसाइझ (लक्षात ठेवायच्या कमांड) ३० आणि सेव्हहिस्ट (फाइलीत जपायच्या) ० असतं, म्हणजे काहीच जपलं जात नाही. दोन्ही ५०,००० करा आणि एफझेडएफ हा शोधक बसवा. कंट्रोल-आरवर जुनी कमांड शोधणं ही या सगळ्या खटाटोपातली सर्वात उपयोगी गोष्ट आहे.

चौकट:
एस्केपचं: बाणाच्या कळा आणि ऑल्टच्या जोड्या टर्मिनल पाठवतं त्या एस्केपनेच सुरू होतात. म्हणून नुसता एस्केप आला की टीमक्स थांबून बघतो, मागून आणखी काही येतंय का. हा थांबा पूर्वी ५०० मिलिसेकंद होता, ३.५ आवृत्तीत १० झाला. उबुंटू २४.०४ मध्ये ३.४ आहे, मॅकवर होमब्रू या पॅकेज-व्यवस्थापकातून नवी आली असणार. एस्केप-टाइम १० करा. शून्य करू नका: एसएसएचवरून (दूरच्या संगणकावर) मंद जोडणीत बाणाची कळ तुकड्यांत पोचते आणि मजकुरात चौकोनी कंस आणि कॅपिटल ए उमटतं. फाइल बदलून नवी खिडकी उघडल्यानं काही होत नाही. टीमक्सचा सर्व्हर मूळ मांडणी सुरू होतानाच वाचतो. 'सोर्स-फाइल' कमांड द्या.

निओव्हिम उबुंटूच्या एपीटी या पॅकेज-व्यवस्थापकातून घेऊ नका. तिथे ०.९.५ आहे, आणि भाषा-सर्व्हर (कोड तपासून चुका दाखवणारा प्रोग्राम) एका-दोन ओळींत चालू करण्याची सोय ०.११ पासून आहे. अधिकृत टार फाइल ऑप्टमध्ये उघडा, तिची बिन डिरेक्टरी पाथमध्ये घाला. असे सर्व्हर म्हणून पायथॉनला पायराइट आणि रफ, गोला जीओपीएलएस. प्लगइन बसवायला लेझी वापरत असाल तर त्याची आवृत्त्या नोंदवणारी लॉक फाइलही गिटमध्ये ठेवा, नाहीतर दोन मशीनवर दोन आवृत्त्या होतात. काही बिघडलं तर आधी 'एनव्हिम --क्लीन' नं तीच फाइल उघडा. तिथे नीट चाललं तर दोष तुमच्या मांडणीत आहे.

तयार संचाला माझा ओळखरेघ यांच्याइतका विरोध नाही. किकस्टार्ट हा निओव्हिमचा संच एकाच फाइलीत आहे, ओळीओळीवर टिपा आहेत. वाचून, नको ते काढून वापरा. एनव्हिम-ॲपनेम या व्हेरिएबलमुळे आहे त्या मांडणीला धक्का न लावता ती शेजारी चालवून बघता येते.

दोन्हीकडे फाइली पोचवायला ग्नू स्टो (फाइलींचे दुवे होम डिरेक्टरीत लावणारा) पुरेसा आहे. आधी '-एन -व्ही' देऊन कोरडी फेरी घ्या. त्या जागी खरी फाइल आधीपासून असेल तर स्टो अडतो, ती हलवावी लागते. टोकन आणि पासवर्ड डॉट-झेडएसएचआरसी-लोकलमध्ये ठेवा, ती फाइल गिटबाहेर.

पायमोडका:
मराठी नावांचं उत्तर एका ओळीत: गिटमध्ये कोअर-कोटपाथ ही सेटिंग फॉल्स करा. आत्ता 'न' च्या जागी ३४०, २४४, २५० दिसत असेल. ते त्या अक्षराचे तीन बाइट आहेत, अष्टमान पद्धतीत लिहिलेले. ईएक्सटी४ या उबुंटूच्या फाइल-सिस्टिमवर नावाची मर्यादा २५५ बाइट आहे, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात.

मराठी टंकताना निओव्हिममध्ये दुसरी पंचाईत होते. इनस्क्रिप्ट (मराठी कळफलक) चालू ठेवून एस्केप दाबला की कर्सर हलवणाऱ्या जे-के च्या जागी र-क जातात आणि कर्सर हलत नाही. लँगमॅप या सेटिंगमध्ये 'र' ला जे, 'क' ला के, 'प' ला एच, 'त' ला एल जोडता येतं. पण डीच्या कळेवर हलन्त आणि डब्ल्यूवर ऐची मात्रा आहे. ती चिन्हं आधीच्या अक्षराला चिकटून दिसतात आणि ती ओळ वाचताच येत नाही. त्यापेक्षा इन्सर्टलीव्ह घटनेवर (टंकन संपवून बाहेर पडताना) उबुंटूवरच्या 'आयबस इंजिन' कमांडनं इंग्रजी कळफलक लावणारा ऑटोकमांड (आपोआप चालणारी कमांड) लिहा.

कळफलक:
तिघांचेही आभार. एस्केप आणि पाथ दोन्ही सुटले. एक राहिलं: रिपग्रेप या शोध-कमांडनं 'दऱ्या' शोधलं तर एका फाइलीत सापडतं, दुसरीत नाही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात.

पायमोडका:
तो ऱ्या दोन प्रकारे लिहिला जातो. एक, युनिकोडमधलं ०९३१ हे वेगळं 'ऱ' अक्षर, मग हलन्त आणि य. दुसरा, साधा र, हलन्त, न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक २००डी आणि मग य. निओव्हिममध्ये त्या अक्षरावर 'जीए' दाबा, सांकेतांक खाली दिसतात. पहिला प्रकार ठरवून टाका आणि दुसऱ्या फाइलीत र-हलन्त-२००डी च्या जागी ऱ-हलन्त असा बदल करा. २००डी सरसकट काढून टाकू नका. नुसता काढला तर 'दर्या' होईल, आणि तो वेगळा शब्द आहे.