प्रतिसाद: कपडे गोळा करण्याआधी

वर कुणीतरी म्हटलंय, सोसायटीतले जुने कपडे गोळा करून पुलाखाली राहणाऱ्यांना वाटू. जरूर वाटा, पण बोहारणीनेही नाकारलेलं गाठोडं तिथे नेऊ नका. आम्ही दोन वर्षांपूर्वी पुणे स्टेशनजवळ गेलो होतो. पोत्यात निम्मे लग्नातले शेरवानी-घागरे आणि तुटक्या चेनच्या पँटी! एका काकांनी चाळीस कमरेची पँट घेतली, खिशातून सुतळी काढून बांधली आणि विचारलं, "आतलं काही आहे का?" आमच्याकडे नव्हतं. तेव्हापासून आम्ही वर्गणी काढून चड्ड्या-बनियन नवेच घेतो.

दुसरं, फुटपाथवर कपाट नसतं. एकाच माणसाला पाच शर्ट दिले तर ठेवणार कुठे? गाठोडं चोरीला जातं, पावसात भिजून कुजतं. म्हणून थोडं थोडं, पण वर्षभर द्या. जूनमध्ये प्लास्टिकचा कागद, डिसेंबरात चादर.

उरलेल्या सुती साड्या फेकू नका. अंशू गुप्तांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली 'गूंज' संस्था अशा कापडाचे पाळीसाठी पॅड बनवते. आणि हो, वाटताना फोटो काढणाऱ्या उत्साही मंडळींना कृपया घरीच ठेवा.